वावरात राबतो, मग व्यायाम कशाला? समजून घ्या हाडांचा जमाखर्च

पांढुर्णा : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव. दगड चालतात, कोणाचा हात मोडतो, कोणाचं डोकं फुटतं आणि संध्याकाळपर्यंत जखमींचा आकडा भोपाळ-नागपूरपर्यंत पोहोचतो. आम्ही बातमीदारही त्या दिवशी दुसरं काही करत नाही, आकडेच पाठवत असतो. पण वर्षाच्या उरलेल्या ३६४ दिवसांत आपल्या घराघरांत जी हाडं मोडतात, त्यांची बातमी कधी होत नाही. न्हाणीत पाय घसरला. ओट्यावरून उतरताना तोल गेला. रात्री उठली, अंधारात उंबरठ्याला अडखळली. बस, एवढंच. ना दगड, ना गर्दी, ना पोलीस बंदोबस्त. पण घरातलं एक माणूस खाटेला खिळतं, आणि त्याच्यासोबत सगळं घर.

माझ्या आईचं असंच झालं. तिनं साठीपर्यंत वावरात काम केलं. पऱ्हाटीचं निंदण, कापूस वेचणं, संत्र्याची तोड आली की डोक्यावर कॅरेट. मग आम्ही भावांनी ठरवलं, माय लय राबली, आता तिला आराम. घरात नळ आला, गॅस आला, खुर्ची आली, टीव्ही आला. ‘‘तू फक्त बसून राहाय,’’ असं आम्ही तिला प्रेमानं सांगत गेलो. आठ वर्षांनी ती न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, ‘‘जन्मभर राबलेली बाई, एवढ्याशा पडण्यानं हाड कसं मोडलं?’’ त्यांनी उलट मलाच विचारलं, ‘‘त्या बसून कधीपासून आहेत?’’

त्या एका प्रश्नामुळं हा लेख लिहितोय. सौंसर असो, पांढुर्णा असो, की सीमेपलीकडचं वरूड, काटोल, नरखेड, आपल्या भागात हीच चूक घरोघरी होते, आणि तीही मायेपोटी होते.

हाड म्हणजे दगड नव्हे

आपल्याला वाटतं, वाढ पूर्ण झाली की हाड तयार झालं, आता ते घराच्या खांबासारखं उभं राहणार. तसं नाही. आपल्या शरीरातली २०६ हाडं जिवंत आहेत. त्यांच्यात रक्त फिरतं, पेशी काम करतात. एका प्रकारच्या पेशी जुनं, झिजलेलं हाड पोखरून काढतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवं हाड भरतात. एका जागेची ही दुरुस्ती पुरी व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा जवळपास दहावा भाग दरवर्षी असा बदलत असतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा तुमचा सांगाडा आणि आजचा सांगाडा बऱ्याच अंशी वेगळा आहे.

मी कॉमर्सचा माणूस. मला हे खातेवहीसारखं दिसतं. एका बाजूला जमा, एका बाजूला खर्च. लहानपणापासून तरुणपणापर्यंत जमा जास्त. मुलींच्या हाडांची बहुतेक भर अठराव्या वर्षापर्यंत आणि मुलांची विसाव्या वर्षापर्यंत पडून जाते. तिशीच्या आसपास शिल्लक सगळ्यात जास्त असते. त्यानंतर हळूहळू खर्च वरचढ होतो. मशीनवर दरसाल घसारा लावतो ना, तसा. बायकांची मासिक पाळी गेली की हाडांना सांभाळणारं इस्ट्रोजेन कमी होतं आणि पहिल्या पाच-सात वर्षांत घसरण एकदम वाढते. त्या काळात हाडांतला १० टक्क्यांहून जास्त भागही जाऊ शकतो. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही. पडल्यावरच कळतं. हाडं अशी ठिसूळ होण्यालाच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

हा घसारा पूर्ण थांबवता येत नाही. पण तो किती वेगानं लागावा, हे बऱ्याच अंशी आपण हाडांवर किती भार टाकतो यावर ठरतं. व्यायामाचा संबंध इथं येतो.

भार पडला तरच भर पडते

हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात. हाडातल्या एकूण पेशींपैकी दहातल्या नऊ ह्याच. आपण उडी मारतो, जिना चढतो, वजन उचलतो, तेव्हा हाड अगदी किंचित वाकतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं. त्या वाकण्यानं हाडातल्या बारीक नळ्यांतलं पाणी हलतं आणि ह्या पेशींना खबर लागते की इथं जोर पडतोय, इथं मजबुती पाहिजे. मग त्या बांधकाम करणाऱ्या पेशींना कामाला लावतात. जोर पडलाच नाही, तर उलटा निरोप जातो : इथं एवढं सामान कशाला, काढून टाका. जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच हे मांडलं होतं, की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं.

याचा पुरावा बघायचा तर टेनिसपटूंचे हात बघा. ज्या हातानं ते रॅकेट धरतात, त्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. माणूस तोच, जेवण तेच, फरक फक्त कामाचा.

उलटा पुरावा अंतराळात मिळतो. तिथं वजनच नसतं, म्हणून हाडावर भार पडत नाही. अंतराळवीरांच्या खुब्यासारख्या भार पेलणाऱ्या हाडांतून दर महिन्याला १ ते दीड टक्का हाड कमी होतं. सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये परतल्या, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. अंतराळ स्थानकात रोज जवळपास दोन तास व्यायाम करावा लागतो, तो याचसाठी. आता विचार करा, खाटेवर किंवा खुर्चीवर बसवून ठेवलेल्या आपल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होत असेल. त्याला अंतराळात न पाठवता आपण जवळपास तेच करतो.

मग वावरातलं काम व्यायाम नाही का?

हा प्रश्न मला गावात हमखास विचारला जातो. ‘‘काहून बाप्पा, दिवसभर वावरात राबतो, ते कमी हाय का?’’ खरं सांगायचं तर ते काम हाडांसाठी चांगलंच आहे. चालणं, उचलणं, वाकणं, चढणं, सगळं त्यात येतं. ऊनही मिळतं. पण तीन अडचणी आहेत.

पहिली, हाडाला त्याच त्या कामाची सवय होऊन जाते. रोजचाच तेवढाच भार असला की ते नवी भर टाकत नाही, फार तर आहे ते टिकवतं. कापूस वेचताना तासन् तास कंबर वाकलेली असते. त्यानं पाठ थकते, पण खुब्याच्या हाडाला जोराचा, वेगळा धक्का मिळत नाही. शिवाय काम हंगामी. कापूस-संत्र्याच्या दिवसांत अंग मोडेपर्यंत, आणि बाकी दिवसांत काहीच नाही.

दुसरी अडचण जेवणाची. घर बांधायला मजूर आले, पण विटा-सिमेंटच नाही, तर मजूर काय करणार? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं गरीब घरांतल्या ३० ते ६० वयाच्या बायकांची हाडं तपासली होती. २००५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. विकसित देशांतल्या बायकांच्या तुलनेत त्यांची हाडं बरीच कमी भरलेली निघाली, आणि आहारात कॅल्शियम फार कमी होतं. कष्टाची सवय असूनही. म्हणून फक्त राबणं पुरत नाही, राबण्यासोबत पोटात जायला पाहिजे.

तिसरी अडचण म्हणजे आता ते कामही पहिल्यासारखं राहिलं नाही. ट्रॅक्टर आला, फवारणीचे पंप आले, वावरापर्यंत मोटारसायकल जाते. बाजारातल्या दुकानदाराची तर गोष्टच सोडा. सकाळी गादीवर बसला की रात्री उठतो. पूर्वीच्या पिढीला जे काम आपोआप घडत होतं, ते आता आपल्याला ठरवून करावं लागणार आहे.

कोणता व्यायाम हाडांच्या कामाचा?

सगळे व्यायाम हाडांसाठी सारखे नसतात. साधी कसोटी अशी : ज्यात तुम्ही पायांवर उभे राहून स्वतःचं वजन पेलता, जमिनीचा धक्का लागतो किंवा स्नायूंना जोर लावावा लागतो, तो हाडांच्या उपयोगाचा.

धावणं, उड्या, जिना चढणं, दोरीवरच्या उड्या, लेझीम, कबड्डी, खो-खो, बैठका, दंड, वजन उचलणं, हे सगळं हाड बांधणारं आहे.

पोहणं आणि सायकल चालवणं हृदयाला, फुप्फुसांना उत्तम. पण पाणी आणि सीट आपलं वजन पेलतात, म्हणून हाडांवर त्यांचा परिणाम कमी. फक्त सायकलच चालवणाऱ्या स्पर्धकांची हाडं कधीकधी कमजोर निघतात.

चालणं घसरण कमी करायला मदत करतं, तोल चांगला ठेवतं. पण नुसतं सावकाश फिरणं नवं हाड फारसं घालत नाही. चालताना मधूनमधून वेग वाढवा, चढाचा रस्ता घ्या. जामसावळीला दर शनिवारी गाडीनं जाणाऱ्यांनी शेवटचे एक-दोन किलोमीटर पायी गेले, तर मारुतीराया रागावणार नाहीत. ते तिथं निद्रावस्थेत असले तरी भक्तांनी झोपून राहावं असं कुठं सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. हाडाला तासभर एकसारखा मार नको असतो. थोड्या जोरदार उड्या मारल्या की पेशींना निरोप पोहोचतो. त्यानंतर त्या काही तास बहिऱ्याच होतात. म्हणून एकदाच शंभर उड्या मारण्यापेक्षा सकाळी वीस, संध्याकाळी वीस जास्त कामाच्या. दोन दिवस करून सोडून दिलं तर फायदा नाही. सोडलं की कमावलेलंही हळूहळू जातं.

पोट्ट्यांना खेळू द्या

खात्यात जमा करायचे दिवस लहानपणीचेच. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की मुलांनी रोज ६० मिनिटं अंगमेहनतीचा खेळ खेळावा आणि आठवड्यातून किमान ३ दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम त्यात असावा. आपल्या लंगडी, कबड्डी, खो-खो, फुगडी, झिम्मा यांत हे सगळं आधीच आहे. अचानक थांबणं, वळणं, एका पायावर उडी, चहूबाजूंनी हाडावर जोर. महागडं काही लागत नाही.

आपल्या विदर्भाच्या पट्ट्यात याची परंपराही मोठी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं आपले देशी खेळ जगाला दाखवले. आज मात्र आपल्याच घरात मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिचं अंगणातलं खेळणं पहिलं बंद होतं. नेमके तेच दिवस तिच्या हाडांच्या भरतीचे असतात. तिची आजी साठीत खुब्यावर पडते, त्याची सुरुवात पन्नास वर्षं आधी इथून होते.

चाळिशीनंतर आणि पाळी गेल्यावर

‘‘आता या वयात काय व्यायाम?’’ असं म्हणणाऱ्या बायकांसाठी ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास सांगतो. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या आणि हाडं कमजोर झालेल्या १०१ बायकांचे दोन गट केले. सरासरी वय पासष्टच्या आसपास. एका गटाला तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून २ वेळा, फक्त ३० मिनिटं, जड वजन उचलण्याचे आणि उडीचे व्यायाम दिले. दुसऱ्या गटाला घरी हलका व्यायाम. ८ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कण्याच्या हाडाची घनता जवळपास ३ टक्के वाढली. दुसऱ्या गटाची १ टक्क्याहून थोडी जास्त घटली.

३ टक्के ऐकायला कमी वाटतात. पण जिथं दरवर्षी घट होते, तिथं वाढ होणं म्हणजे तोट्यातलं दुकान नफ्यात येणं आहे. मात्र देखरेख हा शब्द विसरू नका. घरी एकदम गव्हाचं पोतं उचलायला जाऊ नका. पाण्यानं भरलेल्या एक-एक लिटरच्या बाटल्यांपासून सुरुवात करा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं वाढवा.

मोठ्यांसाठी एकूण हिशोब सोपा आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं जोरात चालणं किंवा तसंच काम, आणि २ दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम. ६५ च्या पुढं यात आठवड्यातून ३ दिवस तोल सांभाळण्याचा व्यायामही घालायचा.

म्हातारपणी पडणं वाचवा

म्हातारपणी हाड मोडतं ते दोन गोष्टी जुळून आल्यावर : हाड कमजोर आणि माणूस पडला. व्यायाम दोन्हीकडं काम करतो. मांड्या आणि पिंडऱ्या मजबूत असल्या की घसरलेला पाय सावरता येतो. खुबा मोडलेल्या वयस्क माणसांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो, असं जगभरच्या अभ्यासांत दिसतं. म्हणून याला ‘साधं फ्रॅक्चर’ म्हणू नका.

घरच्या घरी करता येईल असं : खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, दहा वेळा. भिंतीला किंवा ओट्याला हात लावून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. आधार धरून टाचा वर उचलणं आणि खाली टेकवणं. यासोबत न्हाणीत धरायला दांडा, खाली खरबरीत फरशी, रात्री छोटा दिवा. हा खर्च ऑपरेशनच्या तुलनेत काहीच नाही.

विटा-सिमेंटही पाहिजे

व्यायाम मजूर आहे, सामान जेवणातून येतं. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दुधाच्या एका मोठ्या पेल्यात साधारण ३०० असतं. आपल्याकडं घरचं दूध डेअरीवर जातं आणि घरात उरतं ते चहापुरतं. दही, ताक, कढी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, डाळी हे ताटात आणा. ड जीवनसत्त्वासाठी ऊन लागतं. स्कुटीवर पूर्ण तोंड-हात बांधून जाणाऱ्या मुली आणि दुकानात बसणारी माणसं यात कमी पडतात. आणि खर्रा. तंबाखू तोंडाचं वाटोळं करते हे सगळ्यांना माहीत आहे, ती हाडंही पोखरते हे कमी लोकांना माहीत आहे. दारूचंही तेच.

कोणी आधी डॉक्टरांना विचारायचं?

आधी कधी थोड्याशा पडण्यानं हाड मोडलं असेल, उंची कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल, तर आधी तपासणी करा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी नागपुरात होते. अशा माणसांनी उड्या आणि कमरेतून जोरात पुढं वाकण्याचे प्रकार, सूर्यनमस्कारातलं वाकणंसुद्धा, विचारल्याशिवाय करू नये. कण्याचा मणका दबू शकतो. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर व्यायाम सुरू केला म्हणून ती बंद करू नका.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडून ते आतून खराब होऊ शकतं. अशा मुलाला खुब्यात किंवा मांडीत दुखत असेल तर ‘खेळून दुखलं असेल’ म्हणून सोडू नका, दाखवा.

आणि पोलीस भरती, अग्निवीरची तयारी करणाऱ्या पोरापोरींना एक सांगणं. पहाटे डांबरी रस्त्यावर एकदम आठ-दहा किलोमीटर धावायला सुरुवात केली आणि पोटात नीट जेवण नसलं, तर नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते. अंतर हळूहळू वाढवा, मातीवर धावा. एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर थांबा.

बसवू नका, सोबत उठा

पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला, पण मोठ्या ऑपरेशनसाठी अजूनही आपली गाडी नागपूरच्या रस्त्यालाच लागते. गाडी, मुक्काम, मजुरी बुडणं, पुढचे सहा महिने घरात एक माणूस अडकणं, हा खर्च कुठल्याच बिलात लिहिलेला नसतो. तो ज्याच्या घरी आला त्यालाच कळतो.

माझी आई आता काठी धरून चालते. सकाळी ओट्याला धरून टाचा उचलते, खुर्चीवरून दहा वेळा उठते-बसते. पहिल्या आठवड्यात चिडली होती. ‘‘तुम्हीच तर मले बसवलं, आता तुम्हीच उठवता,’’ म्हणाली. उत्तर नव्हतं माझ्याकडं. आता मीही तिच्यासोबत मोजून दहा बैठका मारतो, कारण मी पंचेचाळीसचा झालो आणि माझंही काम बसूनच आहे.

तुमच्या घरातली माय, आजी, मावशी साठी ओलांडली असेल, तर तिच्या हातातलं सगळं काम काढून घेऊ नका. जड ओझं काढा, धोका काढा. पण धुऱ्यापर्यंत चालत जाणं, दाण्याचा डबा उचलणं, अंगण झाडणं तिला करू द्या. तिचं हाड त्याच कामावर उभं आहे.